एक फोन, एक टीव्ही आणि २७ प्रकारची मुलं: नव्या शिक्षकांसाठी

माझ्या वर्गाचा पट २७. तिसरी-चौथी एकत्र. एका मुलीला चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. एका मुलाला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. दोघं चौथीत आले तरी जोडाक्षर दिसलं की थबकतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की आणखी चार-पाच मुलं येऊन बसतात, त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. साधनं म्हणाल तर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही, माझा स्वतःचा फोन, आणि खिडकीच्या गजाला चिकटून उभं राहिलं तर मिळणारी रेंज.

नवीन शिक्षक रुजू झाला की पहिल्याच प्रशिक्षणात त्याच्या हातात ॲपची यादी पडते. मलाही मिळाली होती. पंधरा-वीस ॲप मी एका रात्रीत उतरवून घेतले, फोन भरला, आणि महिनाभरात त्यातला एकही उघडला नाही. तेव्हा यादी बाजूला ठेवा. मी ज्या क्रमाने शिकले, किंवा खरं तर ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, तो खाली देते.

पायरी १: आठवडाभर फक्त टिपणं

एक साधी वही घ्या. रोज तीन-चार मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. मात्र ‘वाचनात कच्चा’, ‘लक्ष नाही’ असले शेरे नकोत. डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं.

माझ्या वहीतली दोन टिपणं बघा. पहिलं: ‘धडा वाचताना “प्रकाश”पाशी थांबला, “परकाश” म्हणाला, ओळ सुटली. तोच उतारा मी वाचून दाखवल्यावर तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर.’ दुसरं: ‘उतारा खडाखडा वाचला, एकही चूक नाही. “विहीर कोणी खोदली?” विचारल्यावर गप्प. “खोदली म्हणजे काय?” विचारल्यावरही गप्प.’

चाचणीत दोघांनाही सारखेच गुण. पण पहिल्याची अडचण अक्षरात आहे, अर्थात नाही. त्याला मजकूर कानाने मिळाला तर तो धावेल. दुसऱ्याला अक्षरं येतात, मराठी येत नाही. त्याला तोच मजकूर दहा वेळा ऐकवला तरी काही उपयोग नाही, त्याला चित्र हवं आणि घरच्या भाषेतला शब्द हवा. ही वही नसती तर मी दोघांना एकच ॲप दिलं असतं आणि ‘तंत्रज्ञानाचा वापर केला’ म्हणून अहवालात लिहून मोकळी झाले असते.

टिपणांतून एखाद्या मुलाची अडचण दृष्टी, श्रवण किंवा सतत तशाच होणाऱ्या वाचन-लेखनाच्या चुकांकडे बोट दाखवत असेल, तर पालकांशी बोला आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण) आहे. हरियाणात मानेसरला असलेल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा तपासणी-संच आणला, तो मराठीतही आहे, आणि त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणीही आहे. चाळणी आपण लावायची, निदान तज्ज्ञांनी करायचं. ‘हा डिस्लेक्सिक आहे’ असं आपण शिक्षकखोलीत म्हणायचं नाही, वर्गात तर नाहीच.

पायरी २: या तासाला नेमकं काय शिकवायचंय?

हा प्रश्न कागदावर लिहूनच पुढे जा. परिसर अभ्यासाच्या तासाला ‘पाणी कुठून येतं’ हे कळायला हवं असेल, तर अडखळत वाचणाऱ्या मुलाने धडा ऐकला तरी चालेल. त्यात लबाडी काही नाही. पण मराठीच्या तासाला जोडाक्षरवाचन हाच हेतू असेल, तर फोनने वाचून दाखवणं म्हणजे त्याच्या वाटचा घास आपणच खाणं. एकच साधन, एकाच मुलासाठी, दहाच्या तासाला योग्य आणि अकराच्या तासाला चूक असू शकतं.

अपवाद एक. जिला नीट दिसतच नाही, तिचं मोठं अक्षर किंवा आवाज कोणत्याही तासाला काढून घ्यायचा नाही. तो तिचा चष्मा आहे.

पायरी ३: फोन घरी तयार करा, वर्गात नव्हे

संध्याकाळी घरी, चांगल्या नेटवर बसून अर्धा तास लागतो. अँड्रॉइड फोन धरून सांगते.

१. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. तिथे ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ सापडेल. भाषा मराठी निवडा आणि मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. म्हणजे नेट नसतानाही फोन मराठीत बोलेल.

२. बोलण्याचा वेग कमी करा. मूळ वेग आपल्याला ठीक वाटतो, आठ वर्षांच्या मुलाला नाही.

३. ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या पानावर परत येऊन ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. पडद्याच्या कडेला छोटं चिन्ह येतं. ते दाबून मजकुरावर बोट ठेवलं की तेवढाच भाग वाचला जातो.

४. ‘मॅग्निफिकेशन’ही सुरू ठेवा, म्हणजे पडदा मोठा करून पाहता येतो. पूर्ण दृष्टिहीन मुलासाठी ‘टॉकबॅक’ असतं, पण ते सुरू केल्यावर फोन चालवण्याची सगळी रीतच बदलते. आधी स्वतः दोन दिवस वापरून पाहा. मी न बघता सुरू केलं आणि बंद कसं करायचं हे कळायला मला पाऊण तास लागला. तेवढ्यात फोन माझा प्रत्येक स्पर्श मोठ्याने वाचत होता.

५. शेवटी फोन विमान मोडवर टाका आणि उद्याच्या तासाला जे करायचंय ते सगळं एकदा करून बघा. जे चालणार नाही ते उद्याही चालणार नाही.

हा पाचवा मुद्दा गाळू नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात सगळ्यांसमोर स्कॅन करायचा, ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप उघडायचं आणि मग टीव्हीवर गोल-गोल फिरणारी चकती सत्तावीस जणांनी बघत बसायचं, हा प्रयोग मी पुरेसा केला आहे. ‘दीक्षा’तले व्हिडिओ आधी उतरवून ठेवता येतात. रात्रीच उतरवा.

शाळेत विंडोजचा संगणक असेल तर ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो आणि त्यात मराठी आवाज चालतो. आवाज जरा यांत्रिक आहे, मुलांना तो रोबोट वाटतो आणि आवडतोही.

पायरी ४: मजकूर यंत्राला वाचता येतो का?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि इंग्रजीतून आलेल्या मार्गदर्शिकांमध्ये याचा उल्लेखच नसतो, कारण इंग्रजीला ही अडचण नाही.

आपल्याकडच्या कितीतरी कृतिपत्रिका आणि प्रश्नपत्रिका अजून जुन्या फाँटमध्ये टाइप होतात: कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी. कागदावर त्या सुरेख मराठी दिसतात. पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं असतात, त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवलेला असतो. अशी फाइल फोनला वाचायला दिली की तो ‘एके-जे-के’ असलं काहीतरी बडबडतो आणि मूल आपल्याकडे बघतं.

ओळखायचं कसं? फाइलमधलं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, म्हणजे यंत्रालाही ती मराठी अक्षरंच दिसतात, काम झालं. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुना फाँट आहे. ‘कृतिदेव ते युनिकोड’ असं शोधलं की रूपांतर करून देणारी फुकट पानं सापडतात. रफार, वेलांटी आणि ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्यासारखी जोडाक्षरं नंतर डोळ्याखालून घाला, तिथेच घोळ होतो. काहीच कॉपी होत नसेल तर ते पान म्हणजे फोटो आहे. मग गूगल लेन्सने त्यातला मजकूर उचला, किंवा फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. छपाई स्वच्छ असेल तर बराचसा मजकूर नीट येतो. हस्ताक्षरातल्या जुन्या झेरॉक्सवर वेळ घालवू नका, सरळ टाइप करा. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोला. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, एवढंच.

आणखी दोन बारीक गोष्टी. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात आपण लांबलचक रेघ मारतो, ती स्क्रीन रीडर कधी कधी ‘अंडरस्कोर अंडरस्कोर अंडरस्कोर’ अशी वाचत सुटतो. तिथे सरळ ‘रिकामी जागा’ हे शब्द लिहा. आणि चित्रावर आधारित प्रश्न असेल तर चित्राखाली एका ओळीत ते काय आहे लिहा: ‘चित्र: विहिरीवर दोन बायका पाणी शेंदत आहेत.’ ही ओळ माझ्या दृष्टिदोष असलेल्या मुलीसाठी सुरू केली होती. ‘शेंदणे’ हा शब्द मात्र निम्म्या वर्गाला त्या ओळीमुळेच कळला.

पायरी ५: एक मूल, एक अडचण, एक साधन

महिनाभर एकाच मुलाचा विचार करा. सगळ्यांचं सगळं एकदम करायला गेलात की कोणाचंच होत नाही.

*कमी दिसतं.* टीव्हीवर जे दाखवता ते त्याच वेळी तिच्या हातातल्या फोनवर किंवा टॅबवर असू द्या. पिवळसर किंवा काळ्या पार्श्वभूमीवर ठळक अक्षर काहींना सोपं जातं, पांढऱ्यावर डोळे दिपतात. काय सोपं जातं ते तिलाच विचारा. मी तीन रंग दाखवले, तिने अर्ध्या मिनिटात निवडला. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथे नोंदणी करून ठेवा.

इथे मी केलेली एक चूक सांगते. मी तिला टॅब आणि हेडफोन देऊन मागच्या बाकावर बसवलं, शांतपणे ऐकता यावं म्हणून. चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘बाई, मला नको ते. सगळे हसतात ते मला ऐकू येत नाही.’ वर्ग विनोदावर हसत होता आणि ती हेडफोनमध्ये धडा ऐकत होती. तेव्हापासून हेडफोन बंद. मैत्रिणीबरोबर जोडीने, आवाज बारीक ठेवून दोघी ऐकतात. मैत्रिणीचं वाचन सुधारलं ते वेगळंच.

*कमी ऐकू येतं.* ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे गूगलचं ॲप बोललेलं लगेच अक्षरात दाखवतं, मराठीतही. २०१९ मध्ये ते आलं ते कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठाबरोबर काम करूनच. पण भाबडेपणा नको. नेट बहुधा लागतं, पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की ते काहीही लिहितं, आणि मुलाला वाचताच येत नसेल तर त्या अक्षरांचा त्याला काय उपयोग? फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असेल तर बरं चालतं, म्हणून मी तो गटचर्चेत हातोहात फिरवते: ज्याच्या हातात फोन तोच बोलणार. एकावेळी एकाने बोलायची शिस्त त्या निमित्ताने लागली. जो मुलगा खुणांनी बोलतो, त्याच्यासाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ-शब्दकोश पाहा, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. रोज परिपाठात एक खूण अख्ख्या वर्गाने शिकायची. आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद करा, त्याला कुठलंच ॲप लागत नाही.

*बोलता येत नाही किंवा फार कमी बोलतं.* आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप फुकट आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन वाक्य बोलतो. सुरुवात ‘पाणी हवं’ने करू नका, ते मूल हातानेही सांगतं. ‘मला हे आवडत नाही’ने करा.

*अक्षरात अडखळतं.* गूगलच्या ‘रीड अलाँग’मध्ये मराठी गोष्टी आहेत. मूल मोठ्याने वाचतं, ‘दिया’ नावाची बाहुली ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. दिवसाला दहा मिनिटं पुरे. एक सांभाळा: आमच्याकडची मुलं ‘पानी’, ‘कोन’ म्हणतात. तो वाचनदोष नाही, ती त्यांची बोली आहे. यंत्राने शब्द चुकीचा धरला तर मुलाला सांगा की तू बरोबर वाचलंस, बाहुलीला आपली बोली कळत नाही. हे ऐकून मुलांना फार आनंद होतो.

*घरची भाषा वेगळी.* इथे भाषांतराचं ॲप घेऊन पळू नका. गोरमाटी, पावरी, कोरकू असं काही आपल्याला हवं तसं त्यात मिळण्याची आशा धरू नका. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर काढा. मी अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी), संध्याकाळी गेले होते. तोडणी करून परतलेली एक आई भाकरी थापत होती. पुस्तकातली चित्रं एकेक करून दाखवली, तिने तव्याकडे बघत बघत शब्द सांगितले: विहीर, बैल, चूल, पाऊस. चाळीस शब्द, पंधरा मिनिटं. ते तुकडे चित्रांबरोबर टीव्हीवर लावले, आधी तिचा आवाज, मग मराठी शब्द. दुसऱ्या दिवशी आईचा आवाज वर्गात घुमला तेव्हा आठवडाभर खाली मान घालून बसलेला तिचा मुलगा उठून टीव्हीपाशी गेला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाला, ‘याडी!’ म्हणजे आई. आता स्थानिक मुलांनाही ते चाळीस शब्द येतात.

गोष्टींसाठी ‘स्टोरीवीव्हर’ पाहा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ. गोष्टी चार वाचनपातळ्यांत आहेत, खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे उतरवता येतात, छापता येतात, आणि आपण स्वतः भाषांतरही करू शकतो. तिसरीच्या एकाच वर्गात मी पहिल्या पातळीपासून तिसऱ्यापर्यंतची पुस्तकं वाटते. विषय सारखा निवडला की मग कोणी ‘लहान मुलांचं पुस्तक’ घेऊन बसलंय असं कोणाला वाटत नाही.

पायरी ६: अख्ख्या वर्गासाठी, एकाच फोनवर

‘प्लिकर्स’ नावाची युक्ती मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वाटते. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या ठोकळ्यांची वेगळी आकृती. कार्ड कोणत्या बाजूने वर धरलं त्यावरून उत्तर ए, बी, सी की डी ते ठरतं. आपण फक्त फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, सगळी उत्तरं नोंदली जातात. मुलांना काही उपकरण लागत नाही. शेजाऱ्याने काय उत्तर दिलं हे दिसत नाही, त्यामुळे नक्कल नाही आणि हसणंही नाही. तोंड न उघडणारं मूलही पहिल्यांदा ‘उत्तर देतं’. कार्डं जाड कागदावर छापा. लॅमिनेशन केलंत तर खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मी वीस रुपयाला एक असं सगळं करून बसले होते. नेट लागतं, पण हॉटस्पॉटवर भागतं.

गणिताला ‘फेट’ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, बरीच मराठीतही. अपूर्णांकाचं उतरवून ठेवा, नेटशिवाय चालतं. भाकरीचे तुकडे करून झाल्यावर दाखवा, आधी नको.

पायरी ७: परवानगी, आणि फोटोचा मोह

ॲपमध्ये खातं उघडताना मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो टाकू नका. मी हजेरी क्रमांक टाकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पालक सभेत फोन हातात धरून दाखवा की आपण काय वापरतो, आणि लेखी संमती घ्या.

दुसरी गोष्ट कायद्याच्याही आधीची. ‘आमच्या शाळेतील दिव्यांग विद्यार्थिनी टॅबवर शिकताना’ असा फोटो गटावर टाकायला सगळे सांगतात. टाकू नका. वरून आग्रह झाला तर टॅबचा फोटो पाठवा.

पायरी ८: मूल निघून जाणार असेल तेव्हा

फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या दोन दिवसांत गाव सोडतात. कधी कधी रात्रीच. पुढच्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आपण देतोच, पण त्यावर मुलाला काय लागतं ते बसत नाही. म्हणून जानेवारीतच अर्धं पान लिहून कार्डाला जोडून ठेवा. माझ्या एका पानावर एवढंच होतं:

‘घरी गोरमाटी. मराठी ऐकून कळते, बोलायला वेळ लागतो, घाई करू नये. जोडाक्षरं येतात. स्टोरीवीव्हर पातळी २ चालू. वडिलांच्या फोनमध्ये ४० शब्दांचे आवाज आणि सहा गोष्टी टाकल्या आहेत, “शाळा” नावाच्या फोल्डरमध्ये. फोनमधला मराठी आवाज सुरू करून दिला आहे, वेग कमी. पहिल्या दिवशी आईचा आवाज लावावा.’